आठवा पट्टा

३ फेब्रुवारी

प्रिय मावशी,

फोनवर तुला ऐकू येत नाही आणि जे ऐकू येतं ते आवडत नाही, असं मागच्या खेपेला म्हणालीस, म्हणून हे पत्र. शिवाय हे फोनवर सांगण्यासारखं नाही. मधेच मला रडू आलं असतं आणि तू "मोठ्याने बोल" म्हणाली असतीस.

माझा प्रबंध अडकला आहे. मी काय करते ते तुला ठाऊक आहे, तरी आईला सांगते तसं पुन्हा पहिल्यापासून सांगते. सांगताना माझं मलाच कळेल, कुठे चुकतेय ते.

काचेच्या नळीत थोडासा निऑन वायू. आत समोरासमोर दोन धातूच्या तबकड्या, त्यांच्यात व्होल्टेज. एका तबकडीतून, म्हणजे कॅथोडमधून, इलेक्ट्रॉन निघतात आणि दुसरीकडे धावतात. धावताना त्यांची ऊर्जा वाढते, वायूच्या अणूंना धडकले की कमी होते. काही अंतर गेल्यावर जेवढी मिळते तेवढीच जाते, आणि सगळ्या घोळक्याची सरासरी चाल पुढे तीच राहते. याला आम्ही समतोल म्हणतो. माझा प्रश्न एवढाच, की हा समतोल कॅथोडपासून किती लांब गेल्यावर येतो? त्यासाठी मी संगणकावर एकेक इलेक्ट्रॉन सोडते, असे लाखो, आणि प्रत्येकाच्या प्रत्येक धडकेचा हिशेब ठेवते.

माझं मॉडेल म्हणतं, अठरा मिलिमीटर. तबकड्यांमधलं अंतर वाढवत नेलं की वाढणाऱ्या विद्युतप्रवाहाचा आलेख तोवर सरळ जात नाही, पायऱ्या-पायऱ्यांनी चढतो. आणि जगातले सगळे लोक या बाबतीत ज्या तक्त्याशी ताडून पाहतात, तो एका जुन्या पेपरातला "तक्ता चार" मात्र सांगतो, तीन मिलिमीटर. त्यापुढे रेघ सरळ, कुठे पायरी नाही.

तक्ता चार तुझा आहे ना, मावशी? पेपरवर तुझ्या सरांचं नाव आहे, पण तळटीप आहे, "मोजमापे प्रयोगशाळा सहायिकेने घेतली." लहानपणापासून मी हेच ऐकत आले की ती सहायिका म्हणजे माझी मावशी.

माझे गाईड म्हणतात, मॉडेल तक्त्याशी जुळत नसेल तर मॉडेल चुकलं. पाच मार्चच्या आत जुळवून प्रबंध द्यायचा, सतराला तोंडी परीक्षा. एकतीस मार्चला माझी नोंदणी संपते. मग चार वर्षं पाण्यात. त्यानंतर पुन्हा कोणी दारात उभं करणार नाही.

एवढंच सांग. तबकड्या अगदी जवळ होत्या तेव्हाची वाचनं खरंच सरळ होती का? तुला काही आठवतं का?

तुझी,
ठिणगी

*

८ फेब्रुवारी

चि. ठिणगीस,

पत्र पाचव्या दिवशी मिळालं. पाकिटावर तिकीट उलटं चिकटवलं होतंस. टपाल कचेरीतल्या बाईने ते मला दाखवलं आणि हसली. मी तिला म्हटलं, तुमच्या खिडकीवरची वेळ गेल्या वर्षीची आहे, आधी ती सुलट करा.

तुझ्या गाईडचं मला कौतुक वाटतं. चार वर्षं एका मुलीला राबवून घ्यायचं आणि शेवटच्या महिन्यात म्हणायचं, जुळव. जुळव म्हणजे काय? लग्न आहे का? माझ्या काळी निदान आधी ओरडायचे, मग राबवायचे. आणि "काही आठवतं का" हे काय विचारणं? मी निवृत्त झाले आहे, निकामी नाही. ती नळी अजून डोळ्यांसमोर आहे. आमच्या काचवाल्याने फुंकून केलेली, दीड वीत लांब, डाव्या टोकाला एक बुडबुडा राहिला होता. मागची तबकडी स्क्रूने पुढे-मागे सरकायची. अर्धा मिलिमीटर सरकवायचं, दोन मिनिटं थांबायचं, काटा स्थिर झाला की वाचायचं. श्वास रोखून. टेबलाला हात लागला तर पुन्हा पहिल्यापासून.

मी शिकले सिस्टरांच्या शाळेत. तिथे प्रत्येक विषयाच्या दोन वह्या असत. रफ वही पेन्सिलीची, फेअर वही शाईची. फेअर वहीत एक खाडाखोड दिसली की सिस्टर पान फाडून हातात द्यायच्या. अख्खं पान पुन्हा. मी प्रयोगशाळेत तेच चालवलं. आधी रफ, मग फेअर. माझ्या फेअर वह्यांमध्ये तुला एकही खाडाखोड सापडायची नाही. सापडली तर मला दाखव.

तुझ्या मॉडेलमध्येच काहीतरी राहिलं असेल. तुमचे ते संगणक, त्यांना जे सांगाल ते करतात. तोच तर त्यांचा दोष.

समतोल मात्र तू आईला नीट समजावत नाहीस. तिला शाळा सुटल्याचं सांग. घंटा झाली की आमच्या मुली रांगेने फाटकाबाहेर पडायच्या, पावलाला पाऊल. पहिल्या कोपऱ्यावर सगळ्या एकाच वेळी थांबायच्या. दुसऱ्या कोपऱ्यावर थोड्या पुढे-मागे. चार-पाच कोपरे गेले की रांग विस्कटलेली, मग नुसता रस्त्यावरचा घोळका. इलेक्ट्रॉनचंही तसंच. सगळे एकदम निघतात, एकाच अंतरावर पुरेशी ऊर्जा गोळा करतात, तिथेच धडकून ती घालवतात आणि पुन्हा पहिल्यापासून. घोळका व्हायला वेळ लागतो.

जेवत जा वेळेवर. तुझी आई म्हणत होती, आवाज बारीक झालाय.

मावशी

*

१४ फेब्रुवारी

प्रिय मावशी,

तुझी शाळा सुटल्याची गोष्ट वाचली आणि मी खुर्चीतून उठून उभी राहिले. माझं मॉडेल अगदी हेच म्हणतंय! पावलाला पाऊल, म्हणून पायऱ्या. प्रत्येक कोपरा म्हणजे एक पायरी. तिथे धडका जास्त, म्हणून तिथे प्रकाशही जास्त असायला हवा. तबकड्यांच्या मध्ये एकामागे एक उजळ पट्टे दिसायला हवेत. माझ्याकडे नऊ येतात. पण तक्ता म्हणतो, दुसऱ्याच कोपऱ्यावर रांग मोडली.

तू म्हणालीस तसं सगळं पुन्हा तपासलं. धडकांच्या आकड्यांच्या तीन याद्या आणल्या, तिन्ही घालून पाहिल्या. शेजारच्या टेबलावरच्या मुलीने माझा सगळा प्रोग्राम ओळ न् ओळ वाचला, तिला दोन चुका सापडल्या, दोन्ही बिनमहत्त्वाच्या. पायऱ्या तशाच.

काल गाईडना म्हटलं, तक्ता चुकीचा असू शकतो का? त्यांनी पेन खाली ठेवलं. म्हणाले, "आम्ही विद्यार्थी होतो तेव्हा आम्हाला त्या बाईंचं उदाहरण द्यायचे. काटा थरथरायचा, पण त्यांचा हात थरथरत नसे. त्या तुमच्या मावशी, हे तुम्हीच मला सांगितलंत. आता तुम्हीच म्हणताय की त्यांनी चुकीचं मोजलं?" मी कागद गोळा केले. बाहेर येऊन जिन्यात बसले.

मावशी, रफ वही कुठे आहे? फेअर वही संस्थेच्या कपाटात आहे, मी पाहिली. किती सुरेख अक्षर आहे तुझं. पण रफ नाही. तुझ्याकडे असेल तर पहिल्या दहा मिलिमीटरची वाचनं मला उतरवून पाठव. सरळ असतील तर मी शांतपणे हार मानेन. झोप नाही, पोटात सारखा गोळा असतो.

ठिणगी

*

१९ फेब्रुवारी

चि. ठिणगीस,

रफ वही नाही. मी घर बदललं तेव्हा बरंच सामान गेलं, आणि उरलं त्याला वरच्या मजल्यावरच्या लोकांनी भिजवलं. त्यांच्या न्हाणीघराचा पाइप आठ महिने माझ्या भिंतीत गळत होता. मी आठ पत्रं दिली. ते गृहस्थ म्हणतात, "आजी, पाणी आमचं नाही." मी म्हटलं, मग वर नदी आहे का? खोटं बोलायचं तर थोडी तयारी करून बोलावं. आता भिंतीला हिरवा डाग आहे आणि त्यांची बायको जिन्यात भेटली की छताकडे बघते. माणसांना लाज म्हणून राहिलेली नाही. वर्तमानपत्र उघडावं तर तेच, कचेरीत जावं तर तेच. जो तो आपला कागद साफ करण्यात गुंतलेला.

तुझ्या कामाबद्दल मी काय सांगणार? जुनं उकरून काही मिळत नाही. तू नऊ पट्टे म्हणतेस, पण आठव्यानंतर काही दिसणं शक्यच नाही, इतका तो फिका असतो. तेव्हा तुझं कुठेतरी चुकतंयच.

सर आता नाहीत. गेलेल्या माणसाचा तक्ता चुकीचा म्हणणं सोपं असतं.

पोटातल्या गोळ्यासाठी कोमट पाणी पी. आणि जिन्यात बसू नकोस, लोक बघतात.

मावशी

*

१ मार्च

प्रिय मावशी,

सुटले! जुळलं एकदाचं.

तुझं मागचं पत्र थोडं लागलं मला, खोटं कशाला बोलू? पण तुझंच बरोबर होतं, माझंच चुकत होतं. मी विचार केला, मावशीचा हात चुकणार नाही, तेव्हा चूक माझ्याकडेच. मग ती शोधायची कुठे? तुझ्या शाळेतच सापडली. मी धरून चालले होते की इलेक्ट्रॉन कॅथोडमधून रांगेत निघतात. पण ते आधीच विस्कटलेले निघत असतील तर? कोणी जोरात, कोणी हळू. मी एक अंक घातला मॉडेलमध्ये, सुरुवातीच्या विस्कटलेपणाचा. तो वाढवत नेला. अडीचपटीला पायऱ्या बुजल्या. तीनपटीला रेघ सरळ, तीन मिलिमीटरपासून, तक्ता चारवर बोट ठेवावं तशी.

तो अंक तीनच का, याला माझ्याकडे कारण नाही. कुठल्याही प्रयोगात तो दिसलेला नाही. गाईडना तसं म्हटलं तर ते म्हणाले, "तक्ता हेच कारण." मग मी प्रकरणात एक वाक्य लिहिलं, "हा अंक विश्वसनीय मोजमापांवरून ठरवला आहे." लिहिताना हात जरा अडखळला, पण विश्वसनीय म्हणजे तू. माझ्या मॉडेलपेक्षा तुझ्या हातावर माझा जास्त विश्वास आहे, आणि यात लाजण्यासारखं काय आहे?

प्रबंध परवा बांधणीला गेला. गाईड पहिल्यांदाच हसले. दोन प्रयोगशाळांनी मॉडेल मागितलंय, लहान दिवे बनवणाऱ्या. सतरा तारखेला तोंडी परीक्षा. पहिल्या पानावर एक ओळ तुझ्यासाठी आहे, पण ती आता सांगणार नाही.

आज चार तास झोपले. एकसलग.

तुझी ठिणगी

*

६ मार्च

चि. ठिणगीस,

हे पत्र आणि त्यासोबतचं पुडकं रजिस्टर करून पाठवते आहे. पुडक्यात रफ वही आहे. ती भिजलेली नाही. ती शिवणयंत्राच्या खोक्यात खाली होती, मी ठेवली होती तिथेच. पाइप मात्र खरंच गळतो.

आमच्या शाळेतली एकही मुलगी फाटकातून रांग मोडून बाहेर पडलेली मी पाहिलेली नाही. तुझे इलेक्ट्रॉनही तसे निघत नाहीत. तू बरोबर होतीस. तो तीनाचा अंक काढून टाक.

आता जे झालं ते लिहिते. मधे थांबले तर पुन्हा लिहिणं होणार नाही.

त्या वर्षी नवीन नळी आली आणि मी वाचनं घेतली. पहिल्याच दिवशी पायऱ्या आल्या. दोन मिलिमीटरला एक, चारला एक, सहाला एक. मी सरांना दाखवलं. सर म्हणाले, तबकड्या समांतर नाहीत. काचवाल्याने नळी उघडून तबकड्या पुन्हा लावल्या. पायऱ्या आल्या. सर म्हणाले, वायू अशुद्ध. नवा वायू भरला. पायऱ्या आल्या. अशी मी अकरा वेळा वाचनं घेतली. शेवटी काचवाला म्हणाला, "बाई, एकदा डोळ्यांनीच बघू ना." आम्ही भर दुपारी खिडक्यांना काळे पडदे लावले आणि डोळे सरावेपर्यंत गप्प बसून राहिलो. मग दिसले. तबकड्यांच्या मध्ये केशरी रंगाचे पट्टे, वहीच्या रेघांसारखे, सारख्या अंतरावर. आम्ही मोजले, आठ. त्यापुढे नुसता धूसर उजेड. काचवाला म्हणाला, "हे तर आखलेलं पान आहे." मी आयुष्यात इतकं सुंदर काही पाहिलेलं नाही, आणि हे कोणाला सांगितलेलंही नाही.

दुसऱ्या दिवशी सरांनी सगळ्यांना बोलावलं होतं, चहाला. माझी अकरावी वाचनं टेबलावर होती. सरांनी ती उचलली आणि हसत म्हणाले, "यंत्र ठीक आहे. बाईंच्या हाताला कंप आहे, त्याच्या या लाटा. आता त्यांना ग्रंथालयात बसवावं म्हणतो, तिथे सरळ रेघा आखायचं काम असतं." सगळे हसले. काचवाला हसला नाही, पण बोललाही नाही. त्या इमारतीत मी एकटी बाई होते. ग्रंथालयात गेलेलं कोणी परत आलेलं नव्हतं.

तुला वाटेल, मग सरांनी आकडे बदलले. घरात मी इतकी वर्षं सरांच्या नावाने बोटं मोडते, त्यामुळे तसंच वाटेल. मलाही तसंच वाटलेलं बरं असतं. पण सरांनी वहीला हातसुद्धा लावला नाही. मी लावला.

त्या दुपारी मी आलेखाच्या कागदावर लांबची वाचनं मांडली, जिथे रेघ सरळ होती. रूळ ठेवला, तीच रेघ मागे कॅथोडपर्यंत ओढली आणि रेघेवरून आकडे वाचले. ते फेअर वहीत उतरवले. अगदी रेघेवरचे ठेवले नाहीत, थोडे वर, थोडे खाली, मोजल्यासारखे दिसावेत म्हणून. अक्षर सुरेख होतं, ते तू म्हणालीसच. दुसऱ्या दिवशी सरांसमोर ठेवले. सरांनी पाहिलं, बराच वेळ, आणि म्हणाले, "बघा! हात स्थिर ठेवला की निसर्गही सरळ वागतो." मग हीच गोष्ट ते सगळीकडे सांगत फिरले. तुझ्या गाईडपर्यंत पोचली, तुझ्यापर्यंत पोचली. माझा हात कधी थरथरला नाही हे सिद्ध करण्यासाठी मी हाताने खोटं लिहिलं.

सरांना कळलं होतं का, ते मला अजून ठाऊक नाही. काचवाल्याला कळलं होतं. निवृत्तीच्या दिवशी त्याने मला एक लहान काचेची नळी दिली, रिकामी, दोन्ही टोकं बंद केलेली. ती माझ्या खिडकीत आहे.

मागच्या दोन पत्रांत मी तुझ्याशी खोटं बोलले. तू खचत होतीस ते दिसत असून बोलले. वाटलं, तक्ता तसाच राहील आणि तू दुसरा काहीतरी मार्ग काढशील. तू काढलास तो हा. माझ्या भरवशावर तू तुझं खरं मोडून माझ्या खोट्याला जोडलंस. "विश्वसनीय म्हणजे तू" हे तुझं वाक्य मी तीनदा वाचलं आणि चष्मा काढून ठेवला.

वही सतराच्या आत पोचेल. वापर. माझं काय होईल त्याचा विचार करू नकोस, माझं आता काय व्हायचं आहे? असं लिहिते आहे खरं, पण पुडकं अजून बांधलेलं नाही.

मावशी

*

१२ मार्च

ठिणगे,

पुडकं पोचल्याची सही आठ तारखेची आहे, टपालातल्या बाईने यंत्रात बघून सांगितलं. ती आता माझ्याशी नीट बोलते. रोज जाते ना.

काल तुला फोन केला. शेजारच्या मुलीने लावून दिला. तू उचललास, मला काहीतरी ऐकू आलं, पाणी वाहिल्यासारखं. मी मोठ्याने विचारलं, "वही मिळाली का?" दोनदा विचारलं. मग बंद झाला. तू ठेवलास की आपोआप बंद झाला?

रागावली असशील तर तसं लिही. एक ओळ लिही. तुझ्या आईला मी काही सांगितलेलं नाही. ती विचारते, ठिणगीची परीक्षा कधी, आणि मी म्हणते, होईल.

पाच दिवस राहिलेत.

मावशी

*

१८ मार्च

मावशी,

फोन मी ठेवला. तुझा आवाज ऐकला आणि रडू आलं.

वही आठला मिळाली. दोन दिवस मी ती उघडली नाही. तुझं पत्र वाचून मला इतका राग आला की मी खोलीतले सगळे कप धुतले, धुतलेले पुन्हा धुतले. चार वर्षं, मावशी. जिन्यात बसून मी स्वतःला मठ्ठ म्हणत होते आणि तू मला कोमट पाणी प्यायला सांगत होतीस.

दहाला तुझी मागची पत्रं पुन्हा काढली. "आठव्यानंतर काही दिसणं शक्यच नाही." एकोणीस फेब्रुवारीला लिहिलं होतंस तू. मी किती घाईत वाचलं! डोळ्यांनी पाहिल्याशिवाय हे कोण लिहील? मग वही उघडली. तीनाचा अंक काढला, मॉडेल जसं होतं तसं ठेवलं आणि तुझी अकराही वाचनं त्यावर मांडली. तीनशे शहाण्णव ठिपके. पेन्सिल काही ठिकाणी इतकी पुसट, की भिंगातून वाचावी लागली. मावशी, ते पायऱ्यांवर बसले. एकेक करून. पहिली, दुसरी, तिसरी. आठवीपर्यंत. नववी पायरी मॉडेलमध्ये आहे, पण इतकी बारीक की तुझ्या यंत्राला दिसली नसती. मी तिथेच टेबलावर डोकं ठेवलं. राग गेला नाही, पण त्याच्या शेजारी दुसरं काहीतरी येऊन बसलं.

सतराला सकाळी परीक्षेआधी गाईडना सांगितलं. ते म्हणाले, "आज नको, आज पास हो, मग बघू." मी म्हटलं, मी घातलेल्या अंकाला कारण नाही, आणि आता मला ते ठाऊक आहे. त्यांचा चेहरा पांढरा पडला. त्यांचेही तीन पेपर तक्ता चारवर उभे आहेत.

आत तिघे परीक्षक. मी उभी राहून सांगितलं की सहावं प्रकरण चुकीचं आहे आणि चूक माझी आहे, मी मॉडेल वाकवलं. मग पडद्यावर तुझे ठिपके दाखवले. त्यांतल्या सगळ्यांत वयस्कर बाईंनी विचारलं, "ही वाचनं कोणाची?" मी म्हटलं, माझ्या मावशीची. आणि तक्ता चार? तोही तिचाच.

त्यांनी मला नापास केलं नाही. पासही केलं नाही. तीन महिने देतात, प्रकरण पुन्हा लिहायचं. पण एक अट आहे. एकतीस तारखेच्या आत, मोजमापं घेणाऱ्या व्यक्तीचं सही केलेलं निवेदन हवं, की तक्ता कसा झाला आणि रफ वही तिचीच आहे. ते तक्ता छापणाऱ्या नियतकालिकाकडेही जाईल आणि छापलं जाईल. नाही आलं तर ही नुसती एक जुनी वही, आणि माझी नोंदणी संपली.

म्हणजे तुझं नाव पहिल्यांदाच छापून येईल, मावशी. आणि असं.

मी तुला हे कर म्हणणार नाही. विचारते आहे. गाईडनी काल मला सांगितलं, "त्यांना या वयात हे सोसेल का याचा विचार करा." मी रात्रंदिवस तोच करते आहे.

पहिल्या पानावर तुझ्यासाठी लिहिलेली ओळ अशी होती: "माझ्या मावशीच्या स्थिर हातास." ती मी खोडली आहे. दुसरी काय लिहू, सुचत नाही.

ठिणगी

*

२३ मार्च

चि. ठिणगीस,

निवेदन सोबत आहे. चार पानं. ते काल लिहिलं, रफ न लिहिता, सरळ शाईने. तिसऱ्या पानावर दोन ठिकाणी खोडलं आहे, कारण आधी मी "सरांच्या आग्रहामुळे" लिहिलं होतं. आग्रह होता, हेही खरंच, पण तो मी खाली वेगळा लिहिला आहे, त्याच्या जागी. चहाचा प्रसंग आहे, ग्रंथालय आहे, रूळही आहे. कोणाला वाटेल बाई स्वतःची कीव करते आहे, तर वाटू दे. एवढी वर्षं तळटीपेत राहिलेल्या बाईला चार पानं जागा मिळाली तर ती थोडी सैल बसणारच. काचवाल्याने पट्टे पाहिले होते हेही लिहिलं आहे. त्याला कोणी विचारलंच नव्हतं.

तुझ्या गाईडना सांग, मला या वयात काय सोसेल ते मी बघेन, त्यांचे तीन पेपर त्यांनी बघावेत.

वरच्या गृहस्थांकडे आज स्वतः गेले. म्हटलं, तुमच्या पाइपबद्दल मी आठ नाही, सहाच पत्रं दिली होती. ते घाबरले. उद्या नळवाला येतोय म्हणतात.

तुझ्या आईला सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "म्हणजे पोरगी हुशार आहे ना?" मी म्हटलं, आहे. माझ्यापेक्षा.

पहिल्या पानावर काही लिहू नकोस. लिहायचंच असेल तर काचवाल्याचं ते आखलेल्या पानाचं वाक्य लिही.

आणि एक. सही करताना माझा हात थरथरला. गेली दोन वर्षं थरथरतोच, चहाची कपबशी वाजते, म्हणून मी लोकांकडे जाणं सोडलं, कोणाला सांगितलं नाही. निवेदनाखाली सही वेडीवाकडी आली आहे, शेवटची वेलांटी तर रेघेच्या बाहेर गेली. दुसरा कागद हाताशी होता. टपालातली बाईसुद्धा म्हणाली, "आजी, पुन्हा करून द्या, मी थांबते."

मी म्हटलं, नको, आहे तशीच जाऊ दे.

मावशी